डनिच खरंच मोठं बंदर होतं का?

सागरवेडा: सफोकला ताईकडे गेलो होतो तेव्हा डनिचला चक्कर मारली, गाव म्हणजे मोजकी घरं, एक पब आणि खडीचा किनारा, पण म्हणे मध्ययुगात हे इंग्लंडमधलं मोठं बंदर होतं. मग एवढं सगळं गेलं कुठे?

जुनीवीट: समुद्रात गेलं हो! १०८६ च्या डूम्सडे नोंदीत (राजाने करवलेली इंग्लंडमधल्या गावांची-जमिनींची पाहणी) तिथे तीन चर्च आहेत, म्हणजे तेव्हाच चांगलं भरलेलं गाव. १२८६ च्या वादळापासून किनारा ढासळत गेला आणि १३२८ च्या वादळात बंदराचं तोंडच खडीने बुजलं, जहाजं येईनात. माझ्या मते घरं पडण्यापेक्षा हाच घाव मोठा, धंदा बसला की माणसं कशाला थांबतील.

रमा_क: आणि तरी १८३२ पर्यंत तिथून दोन खासदार निवडून जायचे!

जुनीवीट: हो ना. पुढच्या वेळी ग्रेफ्रायर्स मठ नक्की बघ, वादळानंतर तो आत सरकवून १२९० मध्ये परत वसवला. भिंतीतले गारगोटीचे काळे-करडे दगड हाताला गार लागतात, मी बराच वेळ हात ठेवून उभी होते.

सागरवेडा: अरेरे, मी पबातूनच परत फिरलो. दिवाळीत परत जातोय, आता मठ आधी.