चॅपेलमधल्या उपदेशाला गुण द्यावेत का?

कामठी रोड
सगळ्यांना सलाम. विषय घरातला आहे, पण जे मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, नाहीत त्यांनाही कळावा असं लिहितो.

बॅप्टिस्ट हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ; त्यांच्या एका सेमिनरीत, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या शाळेत, मी तीन वर्षं शिकलो. आठवड्यातून तीन सकाळी चॅपेल असायचं, म्हणजे वर्ग भरण्याआधीची उपासना. दोन गीतं, प्रार्थना, शास्त्रपाठ आणि उपदेश. शेवटच्या वर्षाच्या मुलांना पाळीपाळीने उपदेश करावा लागे, आणि त्याला गुण असत. मागच्या बाकावर तीन प्राध्यापक छापील कागद घेऊन बसत. प्रस्तावना, उताऱ्याचा अर्थ, मांडणी, दाखले, आवाज असे पाच रकाने. प्रत्येकी 10, एकूण 50.

माझ्या पाळीला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय होता, हरवलेल्या मुलाचा. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावत सुटतो, त्या ओळीशी माझा गळा दाटला. चार महिन्यांपूर्वी माझे वडील गेले होते. मला पुढे बोलता येईना. सगळं चॅपेल गप्प झालं आणि त्या शांततेत मागून कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला. दुपारी कागद हातात पडला. 'आवाज' समोर लिहिलं होतं: भावनेवर ताबा हवा. 10 पैकी 5.

गुण कमी पडले याचं दुःख मी केव्हाच विसरलो. मला आजही सलतं ते वेगळंच. त्या तीन वर्षांत आम्ही विद्यार्थीसुद्धा चॅपेलमध्ये ऐकत नव्हतो, तपासत होतो. याचे मुद्दे किती झाले, दाखला कुठून उचलला, पुढच्या आठवड्यात माझी पाळी आहे तेव्हा मी काय करू. आज पाळक होऊन 14 वर्षं झाली, तरी दुसऱ्याचा उपदेश ऐकायला बसलो की माझं मन मुद्दे मोजायला लागतं. वचन माझ्यापर्यंत पोचतच नाही. ती सवय मला उपासनेतच लागली.

वर्गात हवे तेवढे गुण द्या. उपासनेत कोणी कोणाला गुण देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

मोहननगर
पाळकसाहेब, तुम्हाला लागलं ते वाचून मलाही लागलं. वडिलांच्या दुःखात असलेल्या मुलाला असा शेरा देणाऱ्यांची चूकच झाली. पण त्या एका शेऱ्यावरून सगळी पद्धत मोडीत काढू नका.

मी 31 वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं दर रविवारी बाकावर बसून उपदेश ऐकले. तयारी न करता आलेला उपदेशक काय करतो ते मला विचारा. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून निघतो, शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत भटकतो, मध्ये स्वतःच्या प्रवासाच्या तीन गोष्टी सांगतो आणि 50 मिनिटांनी म्हणतो, वेळ कमी आहे. समोर बसलेल्या बायका धुण्याभांड्याची दोन घरं आटपून आलेल्या असतात, दुपारी परत जायचं असतं. त्यांच्या आठवड्यातला तो एकच निवांत तास. तो वाया घालवणाऱ्याला कधीतरी, कुठेतरी, कोणीतरी कागदावर लिहून सांगायला नको का?

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात, 8व्या अध्यायात, एज्रा लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, लोकांना त्याचा अर्थ समजावून देतात. अर्थ समजला पाहिजे, हा आग्रह शास्त्राचाच आहे. आणि याकोब तर आपल्या पत्रात बजावतो की शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल. मग सेमिनरीने थोडा आधी केला तर बिघडलं कुठे?

कामठी रोड
ताई, त्याच अध्यायात लोक वचन ऐकून रडले, असंही आहे. आणि एज्राच्या मागे कोणी कागद घेऊन बसलं नव्हतं.

मोहननगर
बरोबर. पण एज्रा नियमशास्त्रात तरबेज शास्त्री होता, असंही लिहिलंय. तरबेज आपोआप होत नाही कोणी.

जुनी पानं
थोडा इतिहास मांडतो, कारण दोघांच्याही बाजूचं त्यात सापडेल.

बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरीचं नाव मराठी वाचकाला परकं नाही. 1805 मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, 1811 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार काढला आणि 1818 मध्ये तिथलं कॉलेज सहकाऱ्यांबरोबर उभं केलं. हे कॅरी मूळचे इंग्लंडमधल्या खेड्यातले जोडे शिवणारे. 1785 मध्ये ऑल्नी गावच्या मंडळीपुढे त्यांनी परीक्षेचा उपदेश केला. मंडळीने ऐकलं आणि लगेच पसंती दिली नाही. इकडेतिकडे उपदेश करत राहा आणि आमच्यापुढे पुन्हा उभे राहा, असं सांगितलं. मान्यता मिळायला पुढचं वर्ष, 1786, उजाडलं.

म्हणजे उपदेश पारखणं बॅप्टिस्टांना नवीन नाही. फरक एवढाच की कॅरींना पारखलं ते मंडळीने. शेतकरी, कारागीर, त्यांच्या घरच्या बाया, ज्यांना तो उपदेश ऐकून सोमवारी कामाला जायचं होतं त्यांनी.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरी 1859 मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला सुरू झाली. यादवी युद्धात बंद पडली. 1865 मध्ये पुन्हा उघडली तेव्हा जॉन ब्रॉडस यांच्या उपदेशशास्त्राच्या वर्गात एकच विद्यार्थी उरला होता आणि तो अंध होता. ब्रॉडस यांनी त्या एकट्यासाठी प्रत्येक व्याख्यान पूर्ण तयारीने दिलं. त्या व्याख्यानांतून 1870 मध्ये त्यांचं उपदेशाच्या तयारीवरचं पुस्तक झालं आणि ते पुढे कित्येक पिढ्या सेमिनरींमध्ये शिकवलं गेलं. फळ्यावर लिहून दाखवायची सोय नाही, जे काही सांगायचं ते कानातूनच आत जायला हवं. मला वाटतं, उपदेश शिकवण्याची याहून चांगली खोली नसेल.

इंदोरा
मी मंडळीचा डिकन, म्हंजे पाळकाले मदत करनारा, आहो. शिक्षण कमी आहे, बोली आपली नागपुरी, समजून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे सेमिनरीचा एक पोट्टा आला उपदेशाले. चांगला पोट्टा, प्रार्थनेचा. पण बोलाले उभा रायला अन् पयल्या पाच मिनटात जस्टिफिकेशन म्हने, सँक्टिफिकेशन म्हने. बाया एकमेकीकडे पाहून रायल्या. त्यात मे महिना. दोन कूलर सुरू, तेचा आवाज तुमाले माहीत आहे. पोट्ट्याचा आवाज तिसऱ्या बाकाच्या मांगं जाऊनच नाही रायला. मी कूलर बंद केले तर लोक घामानं भिजले, सुरू केले तर वचन आयकू येत नाही.

मंग मी तेले बाजूले घेतलं, म्हटलं, बाबू, सेमिनरीत किती मार्क भेटले? म्हने, काका, 50 पैकी 44. मले लय वाईट वाटलं तेच्यासाठी. 44 कोनी देल्ले? ज्याइले ते सारं अगोदरच माहीत होतं त्याइनं. आमची एक म्हातारी हाये, डोळ्यानं दिसत नाही, पन वचन पाठ. ते जर मांगं बसली असती त पोट्ट्याले खरं काय ते समजलं असतं.

गुन द्या का नका देऊ, ते तुमचं. पन देनारा कोन, ते पाहा.

तिसरं वर्ष
मी सध्या शिकतोय. दुसऱ्या एका सेमिनरीत, पण आमच्याकडेही गुण आहेत. कामठी रोडच्या दादांचा आदर राखून सांगतो, माझ्यासारख्याला गुणांनी वाचवलं.

मी गडचिरोली जिल्ह्यातला, शाळा मराठी माध्यमाची. आमचं चॅपेल इंग्रजीत. उपासना संपली की बाहेर पायऱ्यांवर सगळे उभे राहतात आणि तिथे खरा निकाल लागतो. ज्याचं इंग्रजी सफाईदार त्याच्या पाठीवर थाप. मी बोलून बाहेर आलो तेव्हा माझ्याशी कोणी काही बोललं नाही. एकाने फक्त इतकं विचारलं, नाश्त्याला काय आहे.

दुपारी कागद मिळाला. 'उताऱ्याचा अर्थ' समोर 10 पैकी 9, आणि खाली सरांनी लिहिलं होतं की हबक्कूक संदेष्ट्याची देवाकडची तक्रार तू घाईने मिटवली नाहीस, हे बरं केलंस. तो कागद मी पवित्र शास्त्रात ठेवलाय. गुण काढून टाकले तर मागे काय उरेल? पायऱ्या उरतील. आणि पायऱ्यांवर माझ्यासारखा दर वेळी हरणार.

कामठी रोड
भाऊ, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आमच्याकडे मराठी, हिंदी, तेलुगू बोलणारी मुलं होती आणि पायऱ्यांवर काय चालायचं ते मला आता आठवतंय. मी बहुधा थाप मिळणाऱ्यांत होतो.

तरी विचारतो. सरांची ती ओळ तुम्ही जपलीत की तो 9? सरांनी तुम्हाला खोलीत बोलावून, चहा देऊन तेच सांगितलं असतं तर?

तिसरं वर्ष
चहा देऊन सांगितलेलं पायऱ्यांवरच्यांना दिसत नाही, दादा. 9 दिसतो.

खंजिरी
मी ख्रिस्ती नाही, पण विषय माझ्या घरातलाही आहे. माझे वडील नारदीय कीर्तन करायचे. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान. ते शिकले गुरूंच्या मागे झांज धरून, सहा-सात वर्षं. पहिलं स्वतंत्र कीर्तन महालातल्या एका देवळात झालं तेव्हा गुरू समोर बसले होते. आख्यानात वडील एक कडवं विसरले. गुरूंनी बसल्या जागेवरून ते उचललं, जणू तसंच ठरलं होतं, आणि वडिलांनी पुढे नेलं. लोकांना कळलंसुद्धा नाही. रात्री घरी आल्यावर मात्र दोन तास बोलणी खाल्ली.

म्हणून मला पाळकसाहेबांचं पटतं. चालू कीर्तनात गुरू भक्त असतो आणि घरी आल्यावर परीक्षक. ना. वा. टिळक काही काळ आमच्या नागपुरातच होते आणि 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी कीर्तन सोडलं नाही, ख्रिस्ताचं कीर्तन केलं. तुमच्याकडे ही वाट आहेच की.

मोहननगर
दादा, फार सुंदर लिहिलंत. पण तुमच्या वडिलांच्या गुरूंकडे सात वर्षं आणि बहुतेक एक-दोनच शिष्य असतील. सेमिनरीत एका वर्गात 30 मुलं, तीन वर्षं, आणि मग थेट मंडळी हातात. प्रत्येकासाठी रात्रीचे दोन तास कुठून आणायचे? तो छापील कागद गरिबाघरचा गुरू आहे असं समजा.

वाचनाची पाळी
माझ्या वर्गात आम्ही चार मुली होतो. चॅपेलमध्ये आम्हाला शास्त्रपाठ वाचायची पाळी मिळे, गीत सांगायची मिळे, उपदेशाची कधीच नाही. तशी लेखी सूचना नव्हती, पाळी लावणाऱ्यांच्या मनातच ते येत नसे. सदर्न बॅप्टिस्टांनी 2000 मध्ये आपल्या विश्वासपत्रात पाळकपद पुरुषांपुरतं असल्याचं लिहून तरी टाकलं. आमच्याकडे न लिहिताच चाललं.

पाळकसाहेबांना 10 पैकी 5 मिळाले. मला ते 5 देखील हवे होते.

जुनी पानं
ताईंनी मूळ प्रश्नालाच हात घातला, मंचावर उभं कोण राहतं. 19 एप्रिल 1961 ला त्याच सदर्न सेमिनरीच्या, तोवर लुईव्हिलला आलेल्या, चॅपेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग बोलले. दक्षिणेतल्या काही मंडळ्यांना ते इतकं झोंबलं की त्यांनी सेमिनरीची देणगी रोखली. त्या सकाळच्या उपदेशाला 'मांडणी' आणि 'आवाज' या रकान्यांत कसं बसवणार?

मोहननगर
बसवलं होतं ना! किंग क्रोझर सेमिनरीत शिकले, तीही बॅप्टिस्टांचीच, 1951 ला पदवी घेतली. उपदेशाचे कितीतरी विषय घेतले आणि भाषणकलेच्या विषयात त्यांना 'सी' दर्जा मिळाला होता. तरी ते पुढे तसे झाले. गुणांनी माणूस मोडत नाही.

कामठी रोड
ताई, ज्यांनी किंगना भाषणात 'सी' दिला त्यांना समोर कोण उभं आहे हे ऐकू आलं नाही. माझं म्हणणं यापेक्षा चांगलं मला मांडता आलं नसतं.

मोहननगर
पहिल्या वर्षाच्या मुलात पुढचा किंग ऐकू यावा ही अपेक्षा कोणत्याही शिक्षकाकडून करू नये. मी 31 वर्षांत कितीजणांना 'सी' दिला असेल. त्या दिवशी त्यांचं काम तेवढंच होतं.

खंजिरी
इंदोऱ्याच्या काकांनी विचारलेलं मागे पडलं. देणारा कोण?

कामठी रोड
नाही पडलं. कालपासून तेच डोक्यात आहे. आपल्या याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 ला सहा पंथांनी एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन केली. त्यात बॅप्टिस्टही होते. बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि जाणत्या वयातला बाप्तिस्माच खरा म्हणणारे, दोघांनी दोन्ही पद्धती एकाच घरात ठेवल्या. तेवढं जमलं, तर चॅपेलच्या मागच्या बाकावर तीन प्राध्यापकांऐवजी एक प्राध्यापक, एक आया आणि एक रिक्षावाला बसवणं जमू नये? कागद नको. उपासनेनंतर त्यांनी त्या मुलाला एवढंच सांगावं की त्यांना काय समजलं.

मोहननगर
तिघांनी बसावं याला माझा पूर्ण पाठिंबा. पण प्राध्यापकाच्या हातातला कागद राहू द्या. पेन्सिल उपदेश संपल्यावर चालवावी, एवढं मी मान्य करते.

कामठी रोड
मी कागद मान्य करत नाही, ताई.

तिसरं वर्ष
माझी पुढची पाळी येत्या गुरुवारी आहे, स्तोत्र 13. या वेळी मराठीत बोलायची परवानगी मागितली होती, मिळाली. डिकनकाका, शनिवारी मी नागपुरात आहे. तुमच्याकडे येऊन एकदा बोलून दाखवलं तर चालेल? त्या आजी असतील का?

इंदोरा
ये बाबू. सायंकाळी सहाले ये. आजीले मी घेऊन येतो. कूलर सुरूच ठेवीन, तुले त्याच्यावरूनच बोला लागन.