मदत हवी आहे: चर्चगेट परिसरात दुपारी बसून अभ्यास करण्यासाठी जागा

शास्त्रीकाठची

नमस्कार. मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालय चर्चगेट स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तासिका सकाळी साडेसात ते अकरा असतात. त्यानंतर पाच वाजता माझा दुसरा वर्ग असतो. मधल्या वेळेत कुठे बसावे, एवढाच प्रश्न आहे. मी डोंबिवलीला आत्याकडे राहते, त्यामुळे मध्ये घरी जाऊन येण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दुरुस्ती चालू आहे आणि उपाहारगृहात अकरानंतर असा गलका असतो की ताळेबंदाच्या दोन बाजू जुळवणे अशक्य होते.

जे करून झाले आहे ते लिहिते, म्हणजे तेच पुन्हा सुचवले जाणार नाही. ओव्हल मैदानाच्या कडेला सावली उत्तम आहे, परंतु तिथे एकाच वेळी इतके सामने एकमेकांच्या हद्दीत घुसून चाललेले असतात की आपल्याकडे येणारा चेंडू कोणत्या सामन्यातला, हे खुद्द क्षेत्ररक्षकांनाही ठरवता येत नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर भर दुपारी फक्त प्रेमी युगुलेच बसू शकतात; त्यांना ऊन लागत नसावे. चर्चगेट स्थानकाबाहेर साडेअकराच्या सुमारास डबेवाल्यांची जी वाटणी चालते ती पाहण्यात अर्धा तास सहज जातो, पण तो अभ्यास नव्हे. साखळी कॅफेत एका कॉफीला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात माझे आठवडाभराचे वडापाव होतात.

परीक्षा जवळ आली आहे. कृपया लवकर आणि नेमके सांगावे.

ठाकुर्लीकर

नेमके उत्तर हवे असेल तर नेमकी माहितीही द्यावी लागेल. लॅपटॉप वापरता का, म्हणजे विजेची सोय हवी आहे का? महिन्याला किती खर्च परवडेल? स्वतःची पुस्तके वाचायची आहेत की तिथली? बहुतेक जुन्या ग्रंथालयांत बाहेरची पुस्तके आत नेण्याविषयी नियम असतात, त्यामुळे या एका मुद्द्यावरच निम्मे पर्याय बाद होऊ शकतात.

जुना गिरगावकर

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी होता, एका चहावर आणि एका ब्रुन मस्क्यावर तासभर बसता येत असे आणि गल्ल्यावरचा बावाजी आपल्या वर्तमानपत्रातून मान वर करत नसे. जहांगीर कलादालनातील समोवार हे उपाहारगृह तर आमच्यासारख्या रिकामटेकड्यांचे माहेरघरच होते. तेही २०१५ साली बंद झाले. धोबी तलावावरचा १९०४ सालापासूनचा कयानी अजून चालू आहे. तिथला मावा केक अवश्य खाऊन पाहावा.

शास्त्रीकाठची

ठाकुर्लीकर, लॅपटॉप नाही, पुस्तके आणि वह्या माझ्याच असतात, महिन्याला दोन-तीनशे रुपयांपर्यंत परवडेल. गिरगावकर काका, मावा केक खाईन, परंतु गर्दीच्या वेळी लोक उभे राहून जागेची वाट पाहत असताना तिथे गणिताची वही उघडणे मला जमणार नाही.

पोथीनिष्ठ

या परिसरात राहून ग्रंथालये सोडून बाकी सर्व ठिकाणी फिरून झाले, याचे आश्चर्य वाटते. काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय पाहिले आहे का? इमारत १८७० सालची आहे, मागे बाग आहे, आणि तिथल्या सज्जातील आरामखुर्च्यांवर बसून वाचण्याचे सुख ज्याने अनुभवले नाही त्याने मुंबई पाहिलीच नाही असे माझे मत आहे. सभासद व्हावे लागते. दुसरा पर्याय टाउन हॉलचा. एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय एकाच वास्तूत आहेत, आणि १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी ज्या चार ग्रंथालयांना पुस्तकांची प्रत पाठवायची असते त्यांपैकी एक तिथे आहे. वाचण्यासारखे कधीही संपणार नाही.

अनवट

पोथीनिष्ठ यांनी प्रश्न पुन्हा वाचावा. मुलीला वाचण्यासारखे काही नको आहे, तिच्या पिशवीत ते भरपूर आहे; तिला टेबल हवे आहे. ससूनच्या आरामखुर्च्यांची कीर्ती मलाही ठाऊक आहे, परंतु पहाटे उठून डोंबिवलीहून आलेला माणूस दुपारी दीड वाजता तशा खुर्चीवर रेलला तर तो अभ्यास करील की घोरेल, हे सांगायला ज्योतिषी नको. धोबी तलावावर फ्रामजी कावसजी यांच्या नावाच्या इमारतीत पीपल्स फ्री रीडिंग रूम आहे. ती विद्यार्थ्यांची जागा आहे. देखणी नाही, पण तिथे सगळेच परीक्षेला बसलेले असल्यामुळे आपोआप मान खाली राहते.

पोथीनिष्ठ

ससूनमध्ये टेबलेही आहेत. आत जाऊन पाहिल्याशिवाय लिहू नये.

अनवट

जाऊन पाहिले आहे, म्हणूनच लिहिले. टेबलापाशी बसलो होतो आणि लक्ष त्या खुर्चीवरच होते.

दीपस्तंभ

संध्याकाळचा वर्ग कसला आहे? स्पर्धा परीक्षेचा असेल तर मनापासून सांगतो, वय वाढत जाते आणि हाती काही लागत नाही. पदवीसोबत एखादे कौशल्य शिकून घ्यावे. माझ्या पुतण्याने तसेच केले आणि आज तो पुण्याला चांगल्या नोकरीत आहे. पुतण्याचा अनुभव सविस्तर लिहायला मी तयार आहे.

कावेरी

इतके प्रतिसाद आले आणि एकाही पुरुष सभासदाने स्वच्छतागृहाचा विषय काढलेला नाही, यात नवल नाही. मैदान, बाग, कठडा, टाउन हॉलच्या पायऱ्या ही सर्व ठिकाणे मुलीसाठी पाऊण तासापुरतीच असतात. मी फोर्टमध्ये नोकरी करीत असताना दुपारी पाणी कमी पिण्याची सवय लावून घेतली होती आणि तिचे परिणाम पुढे अनेक वर्षे भोगले. याच विषयावर २०११ पासून मुंबईत स्त्रियांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ चालवली, तरीही जागा सुचवताना हा निकष आजही कोणाला आठवत नाही. तेव्हा शास्त्रीकाठची, जी जागा निवडशील तिथे आधी टेबल पाहू नकोस. आधी स्वच्छतागृह, मग पंखा, मग टेबल. आणि डबा कुठे खातेस, हेही तू लिहिलेले नाहीस. वाचनालयात डबा उघडू देत नाहीत.

शास्त्रीकाठची

कावेरीताई, हे मला धाग्यात लिहायला संकोच वाटत होता, तुम्ही लिहिले हे बरे झाले. डबा सध्या ओव्हलवरच खाते आणि पोळीचा पहिला तुकडा कावळ्यांसाठी बाजूला ठेवते, नाहीतर ते स्वतःहून घेतात.

दीपस्तंभ, वर्ग सीएचा आहे, दादरला.

ठाकुर्लीकर

दादरला? म्हणजे आपण सर्वजण दोन दिवस फोर्टमधील इमारती मोजत आहोत आणि पाच वाजता आपल्याला असायचे आहे दादरला. मग अकरा वाजता चर्चगेटला थांबण्याचे कारण काय? पास कुठून कुठपर्यंतचा आहे?

शास्त्रीकाठची

पास डोंबिवली ते चर्चगेट, दादरमार्गे. महाविद्यालयाच्या सवलतीच्या अर्जावर काढलेला आहे. दादरला मधेच उतरता येते हे मला माहीत आहे, रोज संध्याकाळी तेच करते. साडेचारची गाडी पकडते आणि दरवाज्यात चिरडून जाते. परंतु दादरला अकराला उतरून तरी बसायचे कुठे? मूळ प्रश्न तोच राहतो. चर्चगेट निदान ओळखीचे आहे; दादरला फलाटावरून पुलावर येईपर्यंतच मी कोणत्या बाजूला बाहेर पडणार आहे, हे माझ्या हातात नसते, गर्दी ठरवते.

भुयारी

मेट्रो तीन वापरावी. चर्चगेट आणि दादर ही दोन्ही स्थानके याच मार्गावर आहेत, गाडी वातानुकूलित आहे, बसायला जागा मिळते आणि कपड्यांची इस्त्री टिकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतचा टप्पा सुरू झाल्यापासून मी लोकलचे तोंड पाहिलेले नाही. जगातील सर्व मोठ्या शहरांत लोक भुयारातूनच प्रवास करतात.

अनवट

जिच्या पर्समध्ये पास आहे तिला तिकीट काढून भुयारात पाठवण्याचे प्रयोजन कळले नाही. शिवाय अकरा ते चार या वेळेत चर्चगेटहून उत्तरेकडे जाणारी लोकल इतकी रिकामी असते की खिडकीजवळची जागा निवडून घेता येते. साडेचारनंतर मात्र कार्यालये सुटू लागतात. त्यामुळे ठाकुर्लीकरांचे म्हणणे बरोबर आहे: अकराची गाडी पकडून दादर गाठावे, म्हणजे संध्याकाळची चेंगराचेंगरीही टळेल आणि वर्ग सुटल्यावर मध्य रेल्वेचा एक नंबरचा फलाट जवळ पडेल.

जुना गिरगावकर

एक नंबर आता राहिला कुठे? डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून चौदापर्यंत क्रमांक दिले. जुना एक म्हणजे आता आठ. आमच्या पिढीला अजूनही घोषणा ऐकून दचकायला होते.

पोथीनिष्ठ

दादरच म्हणता, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९८ सालची संस्था आहे, दादर पूर्वेला नायगावच्या बाजूला तिची वास्तू आहे, आणि संदर्भ विभागात बसून ज्यांनी प्रबंध लिहिले त्यांची यादी

कावेरी

पोथीनिष्ठ, यादी नको. तिला सीएची उदाहरणे सोडवायची आहेत.

दादर-माटुंगा पट्ट्यात शिकणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे, त्यामुळे तिथे दोन प्रकारच्या अभ्यासिका मिळतात. एक, वाचनालयांना, मंडळांना किंवा पालिकेच्या शाळांना जोडून चालवल्या जाणाऱ्या; शुल्क नाममात्र असते, पण जागेसाठी रांग असते. दुसऱ्या खासगी, ज्यात महिन्याचे पैसे भरून क्रमांकाची खुर्ची, दिवा आणि कपाट मिळते. त्यांचे दर तुझ्या दोन-तीनशे रुपयांत बसत नाहीत, म्हणून पहिल्यापासून सुरुवात कर. दुपारी जा, कारण संध्याकाळी नोकरी करणारे येतात आणि मग खुर्ची मिळत नाही. डब्यासाठी वर्गाच्याच इमारतीत जागा मागून पाहा. शुल्क भरलेले आहे, तर दुपारी एक रिकामी खोली अर्धा तास उघडून द्यायला शिकवणीवाल्यांनी कुरकुर करू नये. विचारायला कोणी जात नाही, एवढेच.

दीपस्तंभ

सीए असेल तर हरकत नाही. मात्र उत्तीर्ण होण्याचे प्रमाण पाहिले आहे ना?

शास्त्रीकाठची

काल अकराची गाडी पकडून दादरला गेले. खिडकी मिळाली. मुंबई सेंट्रलनंतर डब्यात मी, सोललेल्या लसणाच्या पिशव्या घेऊन बसलेल्या दोन मावशी आणि कानातली विकणारी एक मुलगी, एवढेच प्रवासी होते; ती मुलगी गिऱ्हाईक नसल्यामुळे माझ्याशेजारी बसून माझ्याच वहीत डोकावत होती आणि तिने एका बेरजेतील चूक दाखवली.

शिकवणीच्या कार्यालयात विचारले. एक ते दोन या वेळेत मागची खोली उघडी असते आणि तिथे आधीच मुली डबा खातात, हे मला इतक्या महिन्यांत कोणी सांगितले नव्हते. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे, किल्ली कार्यालयात मागावी लागते. अभ्यासिकेचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. जवळच्या एका अभ्यासिकेत जागा आहे, मुलींसाठी वेगळी रांग आहे, शुल्कही परवडणारे आहे, परंतु अर्जासोबत मुंबईतील पत्त्याचा पुरावा मागतात. माझे आधार संगमेश्वरचे आहे आणि आत्याचे घर डोंबिवलीला म्हणजे ठाणे जिल्ह्यात. शिकवणीची पावती चालणार नाही असे खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितले. कोणी यातून मार्ग काढला आहे का?

ठाकुर्लीकर

काढला आहे. महाविद्यालयाकडून बोनाफाईड प्रमाणपत्र घ्यावे, त्यावर महाविद्यालयाचा मुंबईचा पत्ता असतो, आणि त्यासोबत ओळखपत्राची छायाप्रत जोडून अर्ज खिडकीवर न देता थेट कार्यवाहांच्या हाती द्यावा. कार्यवाह बहुधा संध्याकाळी सहानंतर येतात. आपला वर्ग त्या वेळी चालू असेल, म्हणून शनिवार गाठावा. पत्ता विचारलाच तर ‘शिक्षणासाठी मुंबईत’ एवढेच सांगावे, डोंबिवली मुंबईत येते की नाही या वादात तिथे पडू नये.

जुना गिरगावकर

येत नाही.

ठाकुर्लीकर

काका, त्यासाठी वेगळा धागा काढावा.