भाचा ओएचएलला जावा की थांबावा? ज्युनियर हॉकीतलं कळणाऱ्यांनी सांगा

मिसिसागाचा_मामा:
मंडळी, बहीण-मेहुणे ओंटारियोत बरीच वर्षं आहेत, भाचा लहानपणापासून आइस हॉकी खेळतो, सेंटर फॉरवर्ड, आत्ता यू-16 ट्रिपल ए (16 वर्षांखालच्यांची सगळ्यात वरची पातळी) संपवलंय. ओएचएलच्या, म्हणजे ओंटारियोच्या मोठ्या ज्युनियर लीगच्या, ड्राफ्टमध्ये (टीम पोरं निवडतात त्यात) 9व्या राउंडला त्याचं नाव आलं आणि घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले. आता टीम म्हणते कॅम्पला ये, बघू. मेहुणे म्हणतात जाऊच दे, अशी संधी परत येत नाही. बहीण म्हणते शाळा अर्धवट सोडून 16व्या वर्षी परक्या घरात राहायचं आणि रात्र रात्र बसने फिरायचं, कशासाठी? मला यातलं फार कळत नाही पण दोघं मलाच फोन करतात, त्यामुळे विचारतो: आत्ता नाही गेला तर करिअर संपलं का? आणि पुढे अमेरिकन कॉलेजचा रस्ता बंद होतो म्हणतात ते खरंय का?

बेंचवरचा_बाबा:
मामा, अभिनंदन, पण पेढे थोडे थांबवा. 9व्या राउंडचा पोरगा 16व्या वर्षी लगेच टीममध्ये बसणं अवघड असतं. अशी बरीच पोरं एक वर्ष यू-18 किंवा ज्युनियर ए (ओएचएलच्या खालची पातळी) खेळतात आणि मग वर जातात, हक्क त्या टीमकडेच राहतात, त्यामुळे आत्ता नाही म्हणजे कधीच नाही असं अजिबात नाहीये.

माझा मुलगा गेला होता 16व्या वर्षी, टीमचं नाव नको. विंगर होता, चौथ्या लाइनवर, म्हणजे सगळ्यात कमी उतरवतात त्या तिघा फॉरवर्डांत. एका मॅचमध्ये पाच-सहा मिनिटं आइस टाइम, कधी कधी तर नुसता जर्सी घालून बेंचवर. त्याच्या बरोबरचा एक पोरगा ज्युनियर एला थांबला होता, तो तिकडे पहिल्या लाइनवर, पॉवर प्लेला (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना) पण तोच, पेनल्टी किलला (आपला बाहेर असताना) पण तोच, आणि वर्षभराने दोघं एकत्र कॅम्पला आले तर तो याच्या दोन पावलं पुढे. फॉरवर्डला पक (खेळाची रबरी चकती) हातात, म्हणजे काठीवर, पाहिजे हो. बेंचवर बसून बघितल्याने हात शिकत नाहीत. 18व्या वर्षी माझ्या मुलाला ट्रेड केलं, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन टाकलं, जानेवारीत, डेडलाइनच्या आधी, फोन दुपारी आला आणि रात्री बॅग भरून दुसऱ्या गावात. ज्या बिलेट कुटुंबात (खेळाडूला घरी ठेवून घेणारे यजमान) दोन वर्षं काढली त्यांच्या काकू रडत होत्या. पोरगं नाही रडलं, पण महिनाभर फोनवर नीट बोललं नाही. हे ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही.

निळी_रेष:
कॉलेजचं मी सांगते. पूर्वी खरंच बंद व्हायचं. ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्यूएमजेएचएल या कॅनडाच्या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीगना, म्हणजे सीएचएलला, एनसीएए (अमेरिकन कॉलेज खेळांची संस्था) प्रोफेशनल धरायची, एक मॅच खेळलात तरी डिव्हिजन 1 चं, म्हणजे कॉलेजच्या सगळ्यात वरच्या पातळीचं, दार बंद. नोव्हेंबर 2024 मध्ये एनसीएएने नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून सीएचएल खेळलेल्यांनाही घेतात, अट एवढीच की खऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे घेतलेले नसावेत. गॅव्हिन मॅकेना बघा, डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट टीमकडून 2024-25 ला 56 मॅचमध्ये 129 पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) आणि मग सरळ पेन स्टेट कॉलेज. नियम बदलायच्या आधी हे कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

पण यात एक मेख आहे. दार उघडलं तशी गर्दी पण वाढली. कॉलेजच्या कोचला आता 20 वर्षांचा, ओएचएलमध्ये चार सीझन मार खाऊन तयार झालेला फॉरवर्ड मिळतोय, तर तो 18 वर्षांचा कच्चा पोरगा कशाला घेईल? म्हणून ताईंना सांगा की शाळा सोडू नका हे त्यांचं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे, एनसीएए नववीपासूनचे ठरावीक 16 कोर विषय मोजते, आणि बसमध्ये सोपा विषय बरा म्हणून गणित सोडलं की तिथेच अडकतं. आणि ओएचएलवाले खेळलेल्या सीझनच्या हिशोबाने शिक्षणाचं पॅकेज देतात ते लेखी घ्या, त्याच्या अटी वाचा, प्रो करार केला तर त्याचं काय होतं ते आधी विचारा, नंतर नाही.

बेंचवरचा_बाबा:
+1, लेखी. तोंडी आश्वासनावर मी फसलोय.

फोरचेक_भाऊ:
सगळे निगेटिव्ह का बोलताय? अर्शदीप बैन्स आठवा की. कॅनडातल्या सरेचा पोरगा, पंजाबी घरचा, एनएचएल (सगळ्यात मोठी प्रो लीग) ड्राफ्टमध्ये कोणीच घेतला नाही. रेड डिअर टीमकडून शेवटच्या ओव्हरएज (ज्युनियरमधल्या 20 वर्षांच्या) वर्षात, 2021-22 ला, 112 पॉइंट करून अख्ख्या डब्ल्यूएचएलमध्ये पहिला आला, एनएचएलच्या व्हँकुव्हर कॅनक्सने करार केला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एनएचएलला उतरला. ब्रेडन पॉइंट नावाचा सेंटर 2014 ला तिसऱ्या राउंडमध्ये 79वा गेला, उंची जास्त नाही म्हणून, आणि 2020 आणि 2021 दोन्ही स्टॅनली कपमध्ये (एनएचएलचं विजेतेपद) टँपाकडून प्लेऑफला 14-14 गोल. राउंड बिउंड स्काउट लोक सहा महिन्यांत विसरतात, ते बघतात पोरगा पक नसताना काय करतो. मागे धावतो का, फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू होतो ते) हरला तर आपला माणूस पकडतो का, 45 सेकंदांची शिफ्ट संपली की गपचूप बदली घेतो का अजून एक गोलची हाव धरतो. नुसते गोल मारणारे यू-16 ला पोत्याने मिळतात.

बाय द वे मामा, पोराची जन्मतारीख काय?

मिसिसागाचा_मामा:
22 सप्टेंबर. का हो?

फोरचेक_भाऊ:
अरे मग लॉटरी लागलीये तुम्हाला आणि कोणी सांगितलं पण नाही! एनएचएल ड्राफ्टला त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण लागतात. तुमचा पोरगा एका आठवड्याने पुढच्या वर्षात ढकलला जातो. बाकीच्या पोरांना ड्राफ्टआधी 16 आणि 17 चे दोन ज्युनियर सीझन मिळतात, याला तीन. एनएचएलचा स्टार ऑस्टन मॅथ्यूज 17 सप्टेंबरचा, दोन दिवसांनी 2015 चा ड्राफ्ट हुकला, ते वर्ष झुरिकला मोठ्या माणसांत खेळला आणि 2016 ला पहिला नंबर. म्हणजे हा एक वर्ष ज्युनियर ए खेळला तरी ओएचएलचे दोन सीझन शिल्लक राहतात. मेहुण्यांना घाई कसली?

निळी_रेष:
हो, आणि उलटा तोटा पण त्याने आधीच भोगलाय, कॅनडात वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे सप्टेंबरचा पोरगा कायम आठ-नऊ महिने मोठ्या पोरांशी धडका घेत आला असणार. 9वा राउंड त्या हिशोबाने बराच चांगला म्हणायचा.

मिसिसागाचा_मामा:
थँक्यू सगळ्यांना. रात्री कॉन्फरन्स कॉल झाला. कॅम्पला जायचं ठरलंय, पण टीमने पहिल्या तीन लाइनमध्ये जागा दिली नाही तर ज्युनियर ए. मेहुणे 15 सप्टेंबरचं ऐकून दोन मिनिटं गप्पच होते. बहीण म्हणाली पॅकेजचा कागद आधी मला दाखवायचा. भाच्याला यातलं कशाचंच काही नाही, त्याला एवढंच पडलंय की कॅम्पमध्ये सेंटरवरून काढून विंगवर टाकतील का.

बेंचवरचा_बाबा:
टाकतील. हसत खेळायचं म्हणावं.