जीव्हज हॉगवर्ट्सला गेला, तर विनोद उरेल का?

रंकाळाकाठ (प्रश्न)

कोल्हापुरातील आमच्या लहानशा वाचकगटाने यंदाच्या दिवाळीला हस्तलिखित अंक काढायचे ठरवले आहे. प्रत्येकाने एखाद्या विनोदी कादंबरीतील पात्रांना हॅरी पॉटरच्या जादूई जगात, त्याच्या हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत नेऊन एक कथा लिहायची, अशी कल्पना आहे. माझ्या वाट्याला इंग्रज विनोदी कादंबरीकार पी. जी. वुडहाउस आले. दोन्हीकडे निवासी शाळा, जुने वाडे, विक्षिप्त उमराव आणि भयंकर आत्या-मावश्या असल्यामुळे सांधा सहज जुळेल असे वाटले होते; परंतु आराखडा करायला बसल्यावर मोठीच अडचण उभी राहिली. बर्टी वूस्टर हा वुडहाउसचा भाबडा, श्रीमंत तरुण आणि जीव्हज हा त्याचा हुशार सेवक; या बर्टीवर येणारे कोणतेही संकट तेथे कांडीच्या एका झटक्यात मिटते. ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ ही अख्खी कादंबरी गायीच्या आकाराच्या, दूध वाढायच्या एका चांदीच्या भांड्याभोवती फिरते. ते कोणी चोरायचे, कोठे दडवायचे आणि आळ कोणावर यायचा, एवढ्यावर तिचा सगळा डोलारा उभा आहे. तेथे कोणी ‘अ‍ॅक्सिओ’ हा वस्तू बोलावण्याचा मंत्र म्हटला की भांडे हातात येईल आणि पहिल्याच प्रकरणात कादंबरी आटोपेल. पात्रांची असहायता हाच ज्या विनोदाचा आधार आहे, तो सर्वशक्तिमान जादूपुढे कसा टिकवावा, याविषयी जाणकारांनी कृपया सुचवावे.

शाहूपुरीचा सभासद

आपण जादूला फारच सोयीची समजत आहात. मूळ पुस्तकांत ‘अ‍ॅक्सिओ’ अनेकदा फसतो. ग्रिंगॉट्स या जादूगारांच्या बँकेतील लेस्ट्रेंज घराण्याच्या तिजोरीत हफलपफचा पेला त्या मंत्राने हाती येत नाही. उलट तेथील कोणत्याही वस्तूला स्पर्श झाला की ती तापून चटका देते आणि तिच्या प्रतिकृती भराभर वाढू लागतात. हीच संरक्षक जादू आपल्या भांड्यावर घाला. बर्टी मध्यरात्री ते उचलायला जातो, बोटे भाजतात, हातून एक गाय खाली पडते, तिच्या दोन होतात, दोनाच्या वीस होतात आणि जिन्यावरून चांदीच्या गायींचा लोंढा घरंगळत थेट यजमानांच्या दारापर्यंत पोहोचतो. येथे जादूने अडचण सोडवलेली नसून तिला पिल्ले घातली आहेत, आणि प्रहसनाला नेमके तेच हवे असते.

तोतयांच्या बाबतीतही हेच लागू पडते. वुडहाउसच्या दुसऱ्या कथामालेतील ब्लँडिंग्ज कॅसल या वाड्यात खोट्या नावाने आलेला एक तरी पाहुणा असतोच. स्मिथ, म्हणजे नावाआधी एक निरुपयोगी ‘पी’ लावून मिरवणारा तो तरुण, १९२३ मधील कादंबरीत कॅनडातील कवी म्हणून तेथे येतो आणि केवळ धिटाईवर निभावून नेतो. त्याला दुसऱ्याचे रूप तासभर देणारा पॉलीज्यूस काढा पाजलात तर ती धिटाईच निरर्थक ठरेल. त्याऐवजी त्याच कवीचे रूप काढा पिऊन घेतलेले आणखी दोघे वाड्यात आणावेत. दर तासाला घोट घेण्यासाठी त्यांना जेवणावरून उठावे लागेल, आणि ज्याचा चेहरा कवीशी मुळीच जुळत नाही त्या स्मिथवरच सर्वांचा विश्वास बसेल.

जुनी पेठ, जुनी पुस्तके

वरील सूचना चांगल्या आहेत, तथापि त्या वस्तूंच्या पातळीवर थांबतात. माझ्या मते या दोन जगांचा खरा सांधा हॅरी पॉटरच्या तिसऱ्या पुस्तकात, ल्युपिन हे शिक्षक घेतात त्या बोगार्टच्या तासाला सापडतो. बोगार्ट समोरच्या माणसाच्या भीतीचे रूप घेतो आणि ‘रिडिक्युलस’ हा मंत्र त्या रूपाला हास्यास्पद करून टाकतो. नेव्हिल या भित्र्या विद्यार्थ्याच्या पुढ्यात स्नेप हा त्याचा कडक शिक्षक उभा राहतो आणि पुढच्याच क्षणी तो नेव्हिलच्या आजीच्या पोशाखात, डोक्यावर पेंढा भरलेल्या गिधाडाची टोपी आणि हातात लाल पर्स अशा अवतारात दिसतो. भीतीला बायकी कपडे चढवले की तिचा दरारा उतरतो, अशी ही युक्ती आहे.

आता आपण उल्लेखिलेली कादंबरी पाहा. तिच्यात रॉडरिक स्पोड हा धिप्पाड, गुरगुरणारा हुकूमशहा आहे. ऑस्वल्ड मोस्ली याने १९३२ मध्ये ब्रिटनमध्ये फॅसिस्ट संघटना काढली आणि अनुयायांना काळे शर्ट घातले. स्पोड हे त्याचेच विडंबन. स्पोडने संघटना काढली तेव्हा शर्टांचे सगळे रंग संपलेले होते, म्हणून त्याचे अनुयायी काळ्या अर्ध्या चड्ड्या घालतात. हा इसम बर्टीची हाडे मोडायला निघतो, तेव्हा जीव्हज धन्याला एकच शब्द देतो, ‘युलाली’. स्पोड गुपचूप स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचे नमुने रेखाटतो आणि त्याच्या दुकानाचे ते नाव आहे. वुडहाउसने हा शब्द शब्दशः मंत्रासारखा वापरला आहे. ऐन प्रसंगी तो बर्टीला आठवतच नाही, नंतर आठवतो, आणि उच्चारताक्षणी राक्षसाचे कोकरू होते. ल्युपिनने वर्गात शिकवले ते जीव्हज कांडीशिवाय करतो, एवढाच फरक.

त्यामुळे जीव्हजला जादूगार करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याला स्क्विब करावे. जादूगार घराण्यात जन्मूनही हॉगवर्ट्सचा रखवालदार फिल्च याच्याप्रमाणे त्याच्याकडे जादू नसावी, पण ‘ज्युनिअर गॅनिमीड’ या सेवकांच्या क्लबातील धन्यांच्या भानगडींची वही त्याने पाठ केलेली असावी. सर्व काही ठाऊक असलेला आणि काहीही करू न शकणारा माणूस, आणि त्याच्यापुढे कांडी हातात असून गोंधळलेला धनी, ही जोडी मूळ जोडीहून तसूभरही वेगळी नाही.

काळाविषयीही सांगतो. ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे व्होल्डेमॉर्ट हा क्रूर जादूगार होणारा टॉम रिडल हॉगवर्ट्समध्ये दाखल होतो तेही त्याच वर्षी. तेव्हा डंबलडोर मुख्याध्यापक नव्हते, रूपांतरविद्या शिकवत होते. लेखिकेने त्यांचे जन्मवर्ष १८८१ दिले आहे, आणि वुडहाउसही १८८१ चेच. कथा १९३८ मध्ये बेतली तर मुद्दाम काही जुळवावे लागणार नाही. मात्र रिडलला तिच्यात आणू नये. वुडहाउसच्या जगात मृत्यूला प्रवेश नाही आणि रिडल आला की मृत्यू येतो. त्याच्यावर ‘युलाली’ चालणार नाही, आणि चालवलीच तर दोन्ही लेखकांवर अन्याय होईल. ग्रिंडेलवाल्ड या त्या काळच्या दुष्ट जादूगाराच्या नादी लागलेला एखादा स्पोड पुरेसा आहे.

हातकणंगलेकर

मंडळी, सगळे पाहुणे विलायतेतूनच का? चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना हॉगवर्ट्सला न्यावे. त्यांचे लेखक चि. वि. जोशी १९६३ मध्ये वारले, त्यामुळे आपल्याकडील साठ वर्षांच्या नियमानुसार २०२४ पासून त्यांचे लेखन सर्वांसाठी खुले आहे. (वुडहाउस २०३५ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. हस्तलिखित विकायचे नाही, एवढे पथ्य पाळावे.) अर्थात चिमणरावाच्या कथा आहेत, कादंबरी नाही, आपला बराचसा विनोद कथेत आणि ललित लेखातच रमला, त्यामुळे त्यांना सात खंडांच्या साच्यात कोंबू नये, एकेक प्रसंग घ्यावा.

मी स्वतः ग्रामीण कथेकडे वळेन. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी आपल्या या पट्ट्यातील गाव कसे कानोकानी चालते ते दाखवून दिले आहे. जादूगारांचा गोपनीयतेचा कायदा १६८९ मध्ये सह्या होऊन १६९२ पासून अमलात आला, तो लंडनमध्ये टिकला असेल. आमच्या तालुक्यात एक दिवस टिकणार नाही. घुबड पत्र घेऊन पानपट्टीवर उतरेल, पत्र पारावर मोठ्याने वाचले जाईल आणि आठवडी बाजारात बातमी चार गावे फिरेल. मग जादू मंत्रालयाचा, लोकांच्या स्मृती पुसणारा कर्मचारी येईल. तो घरोघर पुसत जाईल आणि मागून शेजारणी पुन्हा सांगत येतील. शेवटी रस्सा जेवल्याशिवाय कोणी त्याला सोडणार नाही, आणि जेवताना तोच सगळे सांगून मोकळा होईल.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हातकणंगलेकर काका, आपले कथानक आपणच लिहावे. अंकात चार पाने राखून ठेवतो. जुन्या पेठेच्या सरांची १९३८ ची सूचना मी स्वीकारली आहे. एकच शंका उरते. जादूगार पुरुष एरवीही पायघोळ झगेच घालतात. चौथ्या पुस्तकात क्विडिच या जादूगारांच्या खेळाच्या विश्वचषकाच्या तळावर आर्ची नावाचा वृद्ध जादूगार बायकांचा फुलाफुलांचा झगा घालून हिंडतो आणि त्याला त्यात काहीच गैर वाटत नाही. अशा समाजात स्पोडला अंतर्वस्त्रांची लाज का वाटावी?

जुनी पेठ, जुनी पुस्तके

शंका रास्त आहे, आणि तिच्यातच आपली कथा आहे. स्पोडला जादूगार घराण्यांच्या शुद्ध रक्ताचा कट्टर पुरस्कर्ता करा. झग्यांचे सगळे रंग इतर संघटनांनी आधीच घेतल्यामुळे त्याच्या अनुयायांच्या वाट्याला अर्ध्या चड्ड्या आल्या आहेत. त्या मगल, म्हणजे जादू नसलेल्या, लोकांच्या आहेत, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नाही. स्पोडला मात्र ते पक्के ठाऊक आहे, कारण त्याचे ‘युलाली’ हे दुकान डायगन गल्ली या जादूगारांच्या बाजारपेठेत नसून मगल लंडनमध्ये, मगल स्त्रियांसाठी आहे, आणि तेथे त्याचा धंदा उत्तम चालतो.