तिवराच्या मुळांतून उगवणारं शहर: शाईचित्रात दोन अडचणी

ऐरोलीची_खाडी:
ऐरोलीच्या कांदळवनाच्या पेन्सिल स्केचवरून ए३ शाईचित्र करायचंय. चिखलातली तिवराची मुळं हळूहळू इमारती होत जातात, अशी कल्पना. २०० जीएसएम (जाडी) कार्ट्रिज कागद, टाक (शाईत बुडवून लिहायची लेखणी), वॉटरप्रूफ काळी शाई. पण रेघ कडेने केसाळ फुटते. आणि मुळं नि इमारती शेजारीशेजारी चिकटवल्यासारख्या दिसतात. काय चुकतंय?

दौत_टाक:
केसाळ रेघ म्हणजे कागद शाई पितोय. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडा पडलेला कागद ओल धरतो, वर खोडरबर घासलं की खळही (शाई आत शोषू न देणारा थर) उडते. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद पिशवीत ठेवा. कच्चं रेखन दुसऱ्या कागदावर पक्कं करा, त्याच्या पाठीवर ६बी (मऊ, गडद पेन्सिल) घासा, तो चांगल्या कागदावर ठेवा आणि रेघांवरून बोथट टोकाने हलकेच छापून घ्या. जोर दिलात तर खाच पडते, मग शाई तिथेच साचते.

निब नवी असेल तर तिच्यावर तेलाचा थर असतो, शाई चिकटत नाही आणि एकदम थेंब सुटतो. टूथपेस्टने चोळून धुवा. बुडवताना निबेवरच्या भोकाच्या वर जाऊ नका. वॉटरप्रूफ शाई निबेवर वाळून बसते, म्हणून दर दहाएक मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. ही शाई फाउंटन पेनमध्ये चुकूनही भरू नका.

चिखलपाणी:
दुसरी अडचण कल्पनेची नाही, निरीक्षणाची आहे. तिवराचं श्वासमूळ (चिखलातून वर येणारं, हवा घेणारं मूळ) जवळून पाहा (ओहोटीला, भरतीत ती बुडतात). पेन्सिलीएवढं, वर निमुळतं, आणि अंगावर बारीक फोडांसारखी हवेची रंध्रं. तीच तुमच्या खिडक्या!

सात टप्पे करा. पहिली दोन मुळं जशीच्या तशी. तिसऱ्यात फक्त रंध्रं ओळीत आणा, चौथ्यात ती चौकोनी करा. पाचव्यात मजल्यांच्या रेघा, सहाव्यात टोक सपाट, सातवी पूर्ण इमारत, पण बुंधा किंचित वाकडाच राहू द्या. एका टप्प्यात एकच बदल. छायेच्या रेघाही तशाच: मुळावर गोलाईने वळणाऱ्या, इमारतीवर सरळ, मधल्या टप्प्यांत अर्धवट वळलेल्या.

आणखी एक, ही मुळं वाटेल तिथे उगवत नाहीत. खोडापासून चिखलाखालून आडवी मुळं पसरतात, त्यांच्यावरच ही रांगेने उभी राहतात. म्हणजे रस्त्यांचा नकाशा तयारच आहे.

ऐरोलीची_खाडी:
रंध्रांचं डोक्यातच आलं नव्हतं! चिखलाला करडी छटा द्यावी का? आणि कोपरा रिकामा आहे, तिथे फ्लेमिंगो?

दौत_टाक:
छटा द्या, पण रेघा रात्रभर वाळल्यावर. १ थेंब शाई, १५ थेंब पाणी, आधी तुकड्यावर पाहा. कागद चारही बाजूंनी टेपने बोर्डवर चिकटवा, नाहीतर २०० जीएसएम लाटा धरतो. पाण्याची चमक कोरीच सोडा, पांढरं जेल पेन करड्यावर उपरं दिसतं.

चिखलपाणी:
कोपरा भरायला फ्लेमिंगो नको. काढायचाच तर पायाचा मधला सांधा मागे वळतो, तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो.