पन्हाळ्याच्या उंचीवर आल्प्समधील ‘प्रिए ब्लां’ द्राक्ष लावता येईल का?

प्रश्न : पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

सर्व द्राक्षबागायतदारांना आणि वाईनच्या जाणकारांना नमस्कार.

इटलीच्या वायव्य टोकाला, माँ ब्लां शिखराच्या पायथ्याशी, आओस्ता खोऱ्यात मॉर्जे आणि ला साल ही दोन गावे आहेत. तिथे ‘प्रिए ब्लां’ नावाची पांढऱ्या वाईनची एक देशी जात शतकानुशतके लावली जाते. तिचा लेखी उल्लेख १६९१ सालापासून आढळतो आणि त्या खोऱ्याबाहेर तिची लागवड आजही नगण्य आहे.

माझे लक्ष वेधून घेतले ते उंचीने. तिथल्या बागा समुद्रसपाटीपासून साधारण ९०० ते १२०० मीटरवर आहेत, आणि पन्हाळ्याच्या माथ्याजवळ आमची जी थोडी जमीन पडून आहे तीही ९०० मीटरच्या आसपासच आहे. तासगावला मामांची तास-ए-गणेशची बाग असल्यामुळे छाटणी, विरळणी, भुरी आणि डाऊनी हे रोग असे विषय आमच्या घरी रोज जेवताना निघतात. वाईनच्या द्राक्षांचा अनुभव मात्र घरात कोणालाच नाही. ही जात पन्हाळ्यावर तग धरेल का? तिथल्या वेली कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत असे वाचले, ते कसे शक्य झाले? आणि ती वाईन कोणी प्रत्यक्ष चाखली असल्यास चव कशी असते तेही कृपया लिहावे.

उत्तर : मांडववाला (तासगाव)

उंचीचा आकडा सारखा आला म्हणून हवामान सारखे होत नाही. मॉर्जे सुमारे ४६ अक्षांशावर आहे आणि पन्हाळा १७ अक्षांशाच्याही खाली. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते हे लक्षात घेतले, तर कोल्हापूर शहरापेक्षा पन्हाळ्याला चारएकशे मीटरच्या चढामुळे दोन-अडीच अंशांचा फरक मिळेल. तेवढ्याने उन्हाळा सुसह्य होतो. हिवाळा आल्प्सचा होत नाही.

खरा प्रश्न विश्रांतीचा आहे. तिकडे थंडीत वेल पाने गाळून महिनोन्महिने झोपते, वसंतात एकदाच फुटते आणि पहिली कडाक्याची थंडी येण्याच्या आत तिला फळ पिकवून मोकळे व्हावे लागते. प्रिए ब्लांचा मोठा गुण म्हणजे तिचा हा फेरा आखूड आहे आणि ती लवकर पिकते. म्हणूनच इतर जाती जिथे कच्च्याच राहतील त्या उंचीवर ती टिकली. त्यातच जूनमध्ये तिथे साडेपंधरा तासांचा दिवस असतो, आपल्याकडे तो जेमतेम तेरा तासांचा. आपली वेल झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी (घड धरणारी फांदी) तयार करतो, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी घेतो आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. लवकर पिकण्याचा जो गुण तिथे जीव वाचवतो, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही, कारण आपल्याकडे फळाला घाई करावी असे काही घडतच नाही. उलट उबदार रात्रींत फळाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल झपाट्याने घटते, आणि या जातीची सारी ओळखच तिच्या आंबटपणावर उभी आहे.

दुसरी अडचण पावसाची. आओस्ता खोरे चारी बाजूंच्या डोंगरांमुळे पर्जन्यछायेत येते, म्हणजे पावसाच्या दृष्टीने ते पन्हाळ्यापेक्षा आपल्या कवठेमहांकाळच्या जवळचे आहे. खरड छाटणीनंतरची नवी फूट पन्हाळ्याच्या जून-जुलैच्या धुक्यात सापडली की पानावरचे पाणी दिवसभर वाळत नाही, आणि डाऊनीला याहून चांगले आमंत्रण नाही. त्याच काळात काडीत सूक्ष्म घडनिर्मिती व्हायची असते आणि तिला लख्ख ऊन लागते. ढगाळ दिवस लांबले की ऑक्टोबरात घडाऐवजी बाळ्या (नुसते तणावे) निघतात, हे आपल्या मामांना विचारून पाहावे. मातीही वेगळी, तिकडे हिमनदीने आणलेली वाळू-खडी आहे, पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा.

वाईनचीच द्राक्षे करायची असतील, तर तासगावच्या जमिनीत शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां घ्यावी आणि साखर फार चढू न देता लवकर तोडावी. महाराष्ट्रात या दोन्ही जातींचा अनुभव आता पुरेसा जमा झाला आहे.

उत्तर : शाहूपुरीकर

लागवडीबद्दल मी काही सांगू शकत नाही. परंतु स्वतःच्या बागेतली द्राक्षे असली तरी परवान्याशिवाय वाईन तयार करणे महाराष्ट्र दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा ठरते, एवढे ध्यानात असू द्यावे. राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे आधी चौकशी करावी.

उत्तर : रंकाळ्याचा (सध्या तुरीन)

नोकरीनिमित्त मी तुरीनला राहतो, आणि आओस्ता खोरे येथून मोटारीने फार लांब नाही. ही वाईन अनेकदा प्यायलो आहे.

रंग इतका फिका की पेल्यात हिरवट झाक असलेले पाणीच वाटावे. नाकाशी नेल्यावर हिरवे सफरचंद, लिंबाची साल आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो. पहिल्या घोटाला आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना असा झोंबतो की तोंडाला पाणी सुटते, आणि शेवटी दगडावरून आलेल्या झऱ्यासारखी खारट-कोरडी चव उरते. मद्यार्क कमी असतो. फळांच्या गोडव्याची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होईल. मला स्वतःला तिची ही रुक्षताच आवडते. तिथले लोक ती फोंतिना चीज आणि नदीतल्या ट्राउट माशांबरोबर घेतात. आता आपल्या गावच्या मंडळींकडून पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो : तांबड्या रश्श्यापुढे ती पार हरते, पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र उत्तम जमते, कारण नारळाच्या दुधाचा आणि काजू-खसखशीचा जडपणा तिचा आंबटपणा कापून काढतो.

बागांबद्दलही लिहितो, कारण तासगावच्या माणसाला त्या पाहून नवल वाटेल. मांडव आहे, पण दगडी खांबांवर आणि लाकडी दांड्यांवर टेकलेला आणि इतका ठेंगणा की तोडणीला माणसे वाकून, काही ठिकाणी अक्षरशः गुडघ्यावर बसून आत शिरतात. आपला मांडव घडांवर सावली धरावी म्हणून डोक्यावर असतो. तिकडे दिवसभर तापलेल्या जमिनीची आणि दगडांची ऊब रात्री घडांना मिळावी आणि वाऱ्या-बर्फाच्या माऱ्यात वेल मोडू नये, म्हणून तो जमिनीलगत ठेवतात. ट्रॅक्टर आत नेण्याचा प्रश्नच येत नाही, सगळे काम हातांनी. तरुण पिढी अशा कामापासून दूर का जाते, हे वेगळे सांगायला नको.

पुन्हा : पंचगंगाकाठ

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे मनापासून आभार. पन्हाळ्याचा विचार मी बाजूला ठेवतो. मामांनीही पावसाबद्दल हेच सांगितले. मुळांचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. शिवाय इतक्या कष्टाची ही जात बुडाली कशी नाही, हेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : मांडववाला (तासगाव)

मुळांविषयी. फायलोक्सेरा हा मुळांतला रस शोषणारा कीटक एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आला आणि त्याने बहुतेक सगळ्या बागा बसवल्या. तेव्हापासून तिकडे बहुतेक ठिकाणी अमेरिकन खुंटावर, म्हणजे अमेरिकन जातीच्या मुळांवर, कलम करूनच लागवड होते. मॉर्जेपर्यंत तो पोहोचला नाही. उंची, थंडी, वाळूची जमीन आणि खोऱ्याचे एकाकीपण यांना त्याचे श्रेय दिले जाते. त्यामुळे जुनी वेल खचली की शेजारच्या वेलीची काडी मातीत दाबून तिथेच नवी वेल उठवता येते, म्हणजे आपले साधे दाब कलम. आपणही डॉगरिज या जातीच्या खुंटावर कलम भरतो, पण आपले कारण निराळे आहे; आपल्याला पाण्याचा ताण आणि जमिनीतले क्षार सोसणारी मुळे हवी असतात. तेव्हा प्रिए ब्लांची काडी आणलीच, तरी तासगावात ती खुंटावरच भरावी लागेल.

काडी आणण्याचेही सोपे नाही. परदेशातून लागवडीचे साहित्य आणायचे तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना, निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि आल्यानंतरचा विलगीकरणाचा काळ हे सारे पाळावे लागते. कोणी प्रवासातून येताना पिशवीत चार काड्या घालून आणू लागला, तर त्याला कृपया थांबवावे. ज्या कीटकापासून आणि विषाणूंपासून आपल्या बागा वाचल्या आहेत, ते अशाच काड्यांतून येतात. प्रयोग करायचाच असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी आधी बोलावे.

उत्तर : रंकाळ्याचा (सध्या तुरीन)

जात टिकली कशी, याचे उत्तर कोल्हापूरकराला लगेच उमगेल. विसाव्या शतकात मॉर्जेचे धर्मगुरू आलेक्सांद्र बुजा यांनी ही वाईन नेटाने बाटलीबंद करून खोऱ्याबाहेरच्या लोकांपुढे नेली. पुढे १९८३ मध्ये दोन्ही गावांतल्या बागायतदारांची सहकारी संस्था उभी राहिली. एकेकाच्या वाट्याला जमिनीचे इतके लहान तुकडे आहेत की स्वतंत्र वाईनरी कोणालाच परवडली नसती. द्राक्षे सभासदांनी आणून घालायची आणि वाईन व विक्री संस्थेने पाहायची. आपल्याकडे साखर कारखान्याला ऊस किंवा संघाला दूध घालणाऱ्याला यात नवे काही नाही. उच्च आंबटपणाचा फायदा घेऊन फेसाळ वाईनही तिथे केली जाते, तसेच काही घड वेलीवरच गोठू देऊन गोड वाईनही काढतात.

आणखी एक गोष्ट खास आपल्या मामांसाठी. जनुकीय तपासणीत प्रिए ब्लांचे लुग्लिएंगा या खाण्याच्या जुन्या युरोपीय द्राक्षाशी थेट जनक-संततीचे नाते निघाले आहे, आणि आओस्ता खोऱ्यातल्या मायोले आणि प्रेमेता या जातींशीही तिचे तसेच जवळचे नाते आहे. म्हणजे वाईनच्या या जातीच्या घरातच खाण्याचे द्राक्ष आहे. पुढच्या खेपेला कोल्हापूरला येताना, सीमाशुल्काच्या मर्यादेत बसतील तेवढ्या, काड्या नव्हे तर बाटल्या आणीन. पांढऱ्या रश्श्याची सोय आपण करावी.