मदत हवी आहे: ऑफिस ते शेड फायबर टाकली, लाल लाईट आरपार येतो पण लिंक टिकत नाही (वडोदरा)

मकरपुरावाला
मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं मशीन शॉप आहे. ऑफिसपासून मागच्या शेडपर्यंत फायबर टाकून घेतली, दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा उजेड आणि नेटवर्क केबल जोडणारा डबा). सकाळी चालतं, दुपारी पत्रे तापले की लिंक जाते, संध्याकाळी परत येते. काम करून गेलेला माणूस फोनवर एकच सांगतो, "लाल लाईट आरपार येतो ना, मग केबल ओके." त्याचा उजेड मोजायचा मीटर माझ्याकडेच आहे, त्यावर -२२ दिसतं. मी कनेक्टर काढून डोळ्यासमोर धरून पाहिला, आत उजेडच नाही. म्हणजे कन्व्हर्टर गेला का? सोमवारपासून सीएनसीचे प्रोग्राम शेडमध्ये पाठवायचे आहेत. लवकर सांगा.

जोडारी
आधी एक गोष्ट. कनेक्टर परत डोळ्यासमोर धरू नका. हा उजेड १३१० किंवा १५५० नॅनोमीटर वेव्हलेंग्थचा (तरंगलांबीचा) असतो, माणसाला दिसत नाही. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. लाल टॉर्चवाला लेझर दिसतो, पण त्याच्याही टोकात बघायचं नाही, कागदावर पाडून बघायचं.
आता सांगा: अंतर किती? एक कोअर (काचेचा धागा) की दोन? -२२ डीबीएम (आकडा जितका खाली, तितका उजेड कमी) कुठल्या टोकाला आणि मीटर कुठल्या वेव्हलेंग्थवर ठेवून?

मकरपुरावाला
अंतर १८० मीटर. एकच कोअर वापरली आहे, साधी सिंगल मोड. मीटरवर जे दिसलं ते लिहिलं.

कारेलीबागकर
एवढा खटाटोप कशाला? गच्चीवर ५ गिगाहर्ट्झचे दोन वायरलेस रेडिओ लावा, तासाभरात काम. आमच्या गोडाऊनला तेच आहे.

दांडियाबाजार
शेडमध्ये वेल्डिंग, पत्रे, क्रेन, आणि यांना रेडिओ? त्यापेक्षा कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल) ओढा, मध्ये एक स्विच टाका.

जोडारी
तांब्याची मर्यादा १०० मीटर. मधला स्विच उघड्यावर ठेवणार कुठे, आणि त्याला वीज कुठून देणार? शिवाय दोन इमारतींच्या मध्ये तांबं टाकलं की पावसाळ्यात आकाशातल्या विजेचा धक्का थेट मशीनपर्यंत जातो. फायबरचा निर्णय बरोबर आहे, टाकणाऱ्याने अर्धवट सोडलंय.
मकरपुरावाला, एक कोअर म्हणजे एक कन्व्हर्टर १३१० वर पाठवतो, दुसरा १५५० वर. बुडाशी छापलेलं असतं. दोन्ही टोकांना वेगवेगळं मोजा, मीटर त्या त्या वेव्हलेंग्थवर ठेवून.

उत्तरायणप्रेमी
केबल वरून टाकली असेल तर जानेवारीत बघा काय होतं. आमच्या सोसायटीत १४ तारखेला पोरं अडकलेला मांजा खेचतात आणि दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, अर्ध्या घरांत इंटरनेट नसतं.

मकरपुरावाला
केबल जमिनीखालून पाइपातून आहे, मांजाचा प्रश्न नाही.
ऑफिसचा कन्व्हर्टर १५५० पाठवतो, शेडचा १३१०. शेडमध्ये -२२ येतं, ऑफिसमध्ये -११. कन्व्हर्टरच्या कागदावर पाठवतो ते -८ च्या आसपास आणि किमान -२३ लागतं असं आहे.

जोडारी
याचीच वाट बघत होतो. १८० मीटर काचेत उजेड जवळजवळ वाया जातच नाही. किलोमीटरला १३१० वर साधारण ०.३५ डीबी घट, १५५० वर त्याहून कमी. तुमच्या ११ डीबी फरकाचा अर्थ असा की १५५० कुठेतरी बाहेर सांडतोय. फायबर वाकली की १५५० आधी मरतो, १३१० तगून राहतो. टोकावर नुसती घाण असती तर दोन्हीकडे साधारण सारखाच मार बसला असता. शेडचा बॉक्स उघडा, कन्व्हर्टर बंद करून. साध्या फायबरला ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा बाक नको.

आयटीआयमास्तर
बॉक्स उघडताना खाली काळा कागद पसरा आणि चष्मा लावा. फायबरची काच १२५ मायक्रॉनची. कापलेला तुकडा बोटात कुसळासारखा घुसून बसतो आणि दिसतही नाही. तुकडे झाकणाच्या डबीत, जमिनीवरचे चिकटपट्टीने उचला. जवळ चहा-नाश्ता नको. माझ्या वर्गात हा नियम मोडला की त्या दिवशी प्रॅक्टिकल बंद.

कारेलीबागकर
कारेलीबागेत घरासाठी कुठला फायबर प्लॅन चांगला आहे? कोणी सांगेल का?

मकरपुरावाला
शेडच्या बॉक्समध्ये उरलेली फायबर पट्टीने आवळून कोपऱ्याला दुमडलेली होती, पत्र्याला चिकटून. पट्टी कापली, मोठं वेटोळं करून ठेवली. आता शेडमध्ये -१५, ऑफिसमध्ये -९. दुपारी ३ वाजता लिंक चालू आहे. पण फरक अजून आहे, तो का?

जोडारी
ऑफिसच्या बॉक्सपासून कन्व्हर्टरपर्यंतच्या पॅचकॉर्डचा (जोडणीच्या छोट्या तयार केबलचा) रंग बघा. प्लग हिरवा की निळा?

मकरपुरावाला
कन्व्हर्टरचं तोंड निळं. पॅचकॉर्डचा तिकडचा प्लग हिरवा, बॉक्सकडचा निळा. घरच्या इंटरनेटची उरलेली आहे म्हणे. बसतो तर नीट.

जोडारी
बसणारच, आकार सारखाच. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं, निळ्याचं सपाट. दोघांत हवेची फट राहते, उजेड तिथे वाया जातो आणि टोकालाही ओरखडे पडतात. ऑफिसचं रीडिंग चांगलं दिसलं कारण मीटरचं तोंड रुंद असतं, तिरक्या टोकातलाही उजेड तो पकडतो. निळी पॅचकॉर्ड लावा.

दांडियाबाजार
बॉक्समध्ये दाबून बसवलेले फास्ट कनेक्टर असतील तर तेही काढून टाका. तापणाऱ्या शेडमध्ये पिगटेल (एका टोकाला तयार कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) स्प्लाइस करून, म्हणजे वितळवून जोडून घ्यावी.

जोडारी
सरसकट नको. चांगला क्लिव्ह (फायबरचा सरळ काप) असेल तर फास्ट कनेक्टरही टिकतो. आकडा सुधारला नाही तरच स्प्लाइस. आणि त्या माणसाला उरलेले पैसे देण्याआधी १३१० आणि १५५० वर, दोन्ही दिशांनी मोजलेला लॉस (उजेडाची घट) कागदावर लिहून घ्या, मोजण्याआधी त्याच पॅचकॉर्डवर मीटर शून्य करून. लाल लाईट तुटलेली जागा शोधायला, लॉस मोजायला नाही. वाकलेली आणि मळलेली फायबरही लाल लाईट जाऊ देते, म्हणून त्यावर "ओके" म्हणणं चूक आहे.

मकरपुरावाला
त्याला हेच सांगतो. उद्या निळी पॅचकॉर्ड आणून रीडिंग इथे टाकतो. पाकिटातून काढून थेट लावू ना?

आयटीआयमास्तर
नवी असली तरी टोपण काढल्यावर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने टोक पुसा, मग कोरड्याने. शर्टाला नाही.